तू धुतलेले मोजे

आये, आज सकाळी न्हाणीघरात स्टुलावर बसून मोजा हाताने धुतला. गुडघ्याखाली उरलेल्या तुकड्यावर चढवतो ना, नकली पायाच्या आत, तो. सूनबाई म्हणाली, "बाबा, मशीन आहे ना! हात कशाला झिजवताय?" मी म्हटलं, "मशीनला डोळे नसतात गं." ती हसली. तुला ती भेटलीच नाही, तिला कुठून कळणार?

सुरुंगाने पाय नेला आणि मी फौजेतून भांडुपच्या आपल्या खोलीत परत आलो, तेव्हा दुखतंय का, असं तू पहिले चार दिवस विचारलंस. पलटणीत हजेरीला द्यायचो तसं मी छाती काढून उत्तर द्यायचो, "सब ठीक." पाचव्या दिवसापासून तू विचारणं सोडलंस आणि मोजे धुवायला घेतलेस. अजून दिसतेस. मोरीवर उकिडवी बसली आहेस, मोजा उलटा करून खिडकीच्या उजेडात धरला आहेस. नखाएवढा पिवळट डाग. आणि मला त्याच दिवशी वांद्र्याला मुलाखतीला जायचंय.

"घामाचा आहे तो," मी म्हणतो.

"माका फसवतंस? तुझो पाय गेलो, माझे डोळे नाय गेले."

असं म्हणून तू माझा पाय उचललास आणि माळ्यावर गणपतीच्या मखराच्या मागे ठेवून दिलास. आठ दिवस. जखम सुकली, नोकरी गेली. मी म्हणालो, "तुला मी घरात बसलेलाच हवाय." तू नारळ खवत राहिलीस. त्या दिवशीची सोलकढी मी प्यायलो नाही.

आता मुलाने मोबाईलवर एक ॲप घालून दिलंय, पाय गमावलेल्या माजी सैनिकांसाठीच आहे. चांगलं आहे हो, मराठीत बोलतं. रोज सकाळी विचारतं, दुखतंय का, लाली आहे का, आरसा धरून फोटो काढा. आणि मी? ताठ बसायचो नि बोट दाबायचो. दुखणं शून्य, लाली नाही. फोटो एका बऱ्या दिवसाचा काढून ठेवला होता, तोच रोज पाठवायचो. तिकडून नर्सबाई फोन करायची, "काका, एकदम झकास!" आणि मी फुगायचो. मोजे मशीनमध्ये जात होते, बघणारं कुणी नव्हतं. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थोडंच राहतं? एक दिवस थंडी भरून ताप आला. डॉक्टरच्या एका हातात माझा मोबाईल, समोर माझा पाय. "काका, इथे तर सगळं छान लिहिलंय," तो म्हणाला. मग हळू आवाजात, "अजून चार दिवस काढले असतेत तर गुडघा वाचला नसता." मी पंख्याकडे बघत राहिलो. ॲपचा काय दोष, त्याने विचारलं होतं. तू विचारायची नाहीस, म्हणून तुझ्यापुढे खोटं टिकायचं नाही.

गुडघा वाचला. पण आज मोजा खिडकीशी धरला तर डाग आहे, नखाएवढाच. परवा नातीच्या शाळेत खेळ आहेत, आजी-आजोबांची चालण्याची शर्यत आहे. "आजोबा, तू लास्ट आलास तरी चालेल, पण ये ना!" असं तिने चारदा बजावलंय. खरं लिहिलं तर पाय काढून बसावं लागणार. मोबाईल समोर आहे, प्रश्न उघडा आहे. अर्धा तास झाला, चहावर साय धरली.

दाबलं, आये. "हो" दाबलं, फोटोही आजचाच पाठवला. आता पाय सूनबाईकडे देतो, म्हणतो माळ्यावर टाक. नातीला काय सांगायचं ते बघू, रुसेल पोरगी.

हा कागद मोज्यांच्या डब्यात तळाशी ठेवतो, दुसरीकडे कुठे टाकणार? एवढंच सांगायचं राहिलं होतं. त्या मुलाखतीच्या दिवशी दुखत होतं गो. जिनाही उतरता आला नसता.