थोरल्याचा पापुद्रा

पाटण
शुक्रवार, ता. २४ ऑक्टोबर १९७५

चि. सौ. शालूस आईचा लय लय आशीर्वाद. आमी दोघं खुशाल हाय. तुमी सगळी खुशाल हाय हे काल कळलं, ते कसं तेच सांगते.

आधी आली ती शेजारची अंबूबाई, हातात इळा तसाच. "आवं, तुमच्या दारात दोन सायकली उलट्या पडल्यात, आन् दोन चड्डीवाले त्यांच्यापुढं बसल्यात." बाहेर येऊन बघते तर सायकली खरंच चाकं वर करून ठेवलेल्या. एक चाक फिरत होतं, आणि उन्हात त्याच्या तारा दिसंनाशा झाल्या होत्या. मी बघतच ऱ्हायले.

एक पोरगा बोलघेवडा, नाव बाळासो. कुपवाडला त्याच्या बापाचा लेथ हाय, म्हणून पाने-पक्कड सगळं संगं. दुसरा उंच, मान खाली. म्हणाला, "आजी, पंक्चर झालंय. जरा सावलीत बसू का?" सांगलीच्या कालेजातली पोरं. दिवाळीच्या सुट्टीला सायकलीवर समुद्रापातूर निघालेली. मी म्हणलं, एष्टी बंद पडली का रं? तर बाळासो म्हणाला, "एष्टीत झोप लागती, आजी. रस्ता बघायचा ऱ्हातो."

मी भाकरी थापत होते आणि तो उंच पोरगा सांगत होता, घरची वाट सांगावी तसा. कोयनेच्या कडंनं जंगल लागतं, तिथं भर दुपारीसुद्धा रस्त्यावरची सावली ओली असती. मग कुंभार्ली घाट. तिथं पायडल मारायचंच न्हाई, नुसतं बसायचं, आणि सगळं कोकण खालनं वर येतं. वाऱ्याला मिठाचा वास लागला की सुरूची झाडं, आणि झाडांच्या पल्याड काहीच न्हाई, नुसतं पाणी. शालू, माझा हात परातीत होता आणि मी घाट उतरत होते. पदर मागं उडत होता. तेवढ्यात एक भाकरी करपली.

तुझे आबा जेवाय बसले. हवालदारकी सुटली तरी जेवताना बोलायचं न्हाई, ही शिस्त काय सुटली न्हाई. शेजारी तो उंच पोरगा. मी त्याच्या ताटात भाकरी वाढली. त्यानं वरचा पापुद्रा अलगद सोडवला आणि बाळासोशी बोलता बोलता आबांच्या ताटात ठेवला.

आबांचा घास हातातच ऱ्हायला. "हे कुणी शिकवलं?"

पोरगा लाजला. "सवय आहे. आई म्हणते, पापुद्रा थोरल्याचा."

साऱ्या पाटणात असं कोण करतं, सांग. चार वर्षांची असताना तूच काढलेली रीत ती.

आबांनी मीठ लावून पापुद्रा सावकाश खाल्ला. मग म्हणाले, "नाव काय?" तो म्हणाला, "मधू." बाळासोला काय दम निघंना. "पंक्चर न्हवतंच, आजोबा. ह्यानंच हवा सोडली. आई म्हणालेली, पाटणला थांबू नको, सरळ घाट उतरून घरी ये."

आता जे लिवायचं ऱ्हायलंय ते लिवते. भूकंप झाला तवा तुझं कार्ड आलं होतं. जिवंत आहात का, एवढंच कळवा. त्याला उत्तर गेलं न्हाई. धरणावरच्या वायरमनशी तू लगीन केलंस म्हणून आबांनी मना केलं, असं तुला वाटलं असंल. त्यांनी कार्ड बगितलंच न्हाई. मीच पिठाच्या डब्याखाली सारलं. राग माझा होता, शालू. नाव त्यांचं सांगत आले. आठ वर्षं ते धरून बसले, भूकंपातबी लेकीनं इचारलं न्हाई.

काल पोरं नदीला गेली तवा मी ते कार्ड त्यांच्यापुढं ठेवलं. त्यांनी दोनदा वाचलं. मला काही बोलले न्हाईत. अजून बोलले न्हाईत.

सकाळी उठून आपल्या सायकलीचं मागलं कॅरेज खोलाय बसले. वजन नको म्हणून मधूनं त्याच्या सायकलीचं काढून टाकलेलं. बाळासोचा पाना घेऊन त्यांनी हे कॅरेज तिथं बसवलं, वर पलटणीतलं कांबळं घडी करून बांधलं.

बाळासो म्हणाला, "घाटात वजन हुईल, आजोबा."

"जाताना रिकामंच हाय."

"आन् येताना?"

"येताना तिनं घाट चालत चढायचा. वर आलं की बसवायची."

तू आलीस की ते माझ्याशी बोलतील, म्हणून बोलवते असं समजू नको. थोडं तसंबी हाय.

जावईबापूंना नमस्कार सांग. एवढं लिवायला मला एकोणीस वर्षं लागली.

पोरं खोळंबल्यात, चिठ्ठी मधूच्या पिशवीत घालते. भाऊबीज झाली की शुक्रवारी परत येतो म्हणाल्यात. त्या दिवशी एकबी भाकरी करपू देणार न्हाई, टम्म फुगवीन. त्याबिगार पापुद्रा सुटत न्हाई.

शुक्रवारची वाट बघणारी,
तुझी आई