तेरावं झालेला देव

४ नोव्हेंबर २०२४, सोमवार

आला! अठ्ठावीस वर्षांनी आला. ताईच्या बैठकीत, गादीवर पंचा अंथरून बसवलाय — डोंगरातल्या करमडांड गावचा बाबा. घोड्यावरचा लाकडी देव, हातभर उंचीचा. परदेशी संग्रहालयानं खोक्यात एवढा कापूस भरलाय की माझी बायको शरदिनी म्हणाली, "बाळंतिणीची तयारी दिसतेय!"

ताई रडली नाही. मानववंशशास्त्राच्या प्रोफेसर विद्युल्लताबाई! डोंगरातल्या लोकांचं चोरून नेलेलं परत द्या, म्हणून कुठे कुठे जाऊन भांडली. रिटायर झाली तरी भांडत होती. आज नुसती घोड्याच्या पाठीवर हात ठेवून बसली.

५ नोव्हेंबर

भिंगानं पाहिला. डावा कान चुकलाय — माझा!

खरा चोरीला गेल्यावर गावासाठी मी नक्कल केली ती ताईच्या तीन फोटोंवरून. तिन्हींत डावी बाजू अंधारात. मी कान ताठ ठेवला. खरा कान मागे वळलेला आहे, स्वाराचं ऐकत असल्यासारखा. ताईला दाखवलं तर हसून हसून बेजार. "म्हणजे इतकी वर्षं लोक चुकीच्या कानात नवस बोलतायत!"

मला हसू आलं नाही. चूक ती चूक.

७ नोव्हेंबर

काशीच्या घाटांवर छठपूजेची गर्दी. घरीच बसलो, आणि ९६ सालचा हिवाळा आठवत राहिला.

बाबा चोरीला गेला तेव्हा ताई गावाहून परतली ती थेट माझ्याकडे. "चौथरा रिकामा आहे रे. बायका रिकाम्या दगडाला शेंदूर लावतायत." मी बँकेतला कारकून. लाकूडकाम मला कुणी शिकवलेलं नाही — कश्मीरीगंजच्या खेळणीवाल्यांच्या दारात उभा राहून डोळ्यांनी उचललं. बाकी माझं मी. शिवणीचं लाकूड आणलं, दोन पटाश्या स्वतः घडवून घेतल्या. रजा काढून बसलो होतो. आई म्हणायची, "जेव तरी! देव काय पळून जातोय?" ताई म्हणायची, "एकदा गेलाच की!"

मग करमडांडला जायला रॉबर्ट्सगंजची बस. ताईच्या मांडीवर देव. कंडक्टर म्हणाला, "भगवान का टिकट लगेगा?" ताई म्हणाली, "आधा. बच्चा है अभी." सगळी बस हसली. काय दिवस होते! तेव्हा वाटलं होतं, वर्ष-दोन वर्षांत खरा परत येईल, माझा चौथऱ्यावरून उतरेल.

९ नोव्हेंबर

खऱ्याला कधी आणू, हे विचारायला ताई आणि मी करमडांडला गेलो. पुजारी वारला, आता त्याची बायको बुधनी सगळं बघते. तिनं चहा दिला आणि शांतपणे सांगितलं, "वो बाबा तो मर गए, बहिन जी. जिस साल गए, उसी साल तेरही कर दी. पूरे गाँव ने सिर मुँड़ाया."

ताईचा कप हातातच राहिला. "मुझे बताया क्यों नहीं?"

"आपने पूछा कहाँ?"

मग इतकी वर्षं प्रत्येक अर्जावर अंगठे का दिलेत? तर म्हणाली, "लाश तो घरवालों को ही मिलनी चाहिए न!"

चौथऱ्यावर माझाच बसलाय. शेंदराची एवढी पुटं चढलीत की कान कसला, तोंडही दिसत नाही. बुधनी म्हणाली, "अब बाबा यही हैं." छाती भरून आली — खोटं का लिहू?

पण पुढचं ऐकलं आणि हबकलो. मेलेल्याला परत घरात घेत नाहीत. काशीतच गंगेला द्यायचा, पौर्णिमेला. गावातून चौघं येणार.

१० नोव्हेंबर

ताईचा फोन नाही. मीही केला नाही.

११ नोव्हेंबर

सकाळी ताई आली. दाराला आतून कडी घातली.

"नरू, आणखी एक करशील? अगदी याच्यासारखा, जुना दिसणारा."

"कशाला?"

"पौर्णिमेला तो देऊ गंगेत. हा माझ्या माळ्यावर राहील. कुणाला कळणार?"

मग तीच म्हणाली, "माझं सगळं आयुष्य आहे रे त्यात. ते पाण्यात सोडू? तुला येईल ना?"

येईल ना, विचारते! मला! आता तर चारी बाजू पाहिल्यात. जुन्या शिवणीचा ओंडका मागच्या खोलीत पडलाय. चहाचं पाणी आणि काजळी लावली की रंगही तसाच जुना येईल. बुधनीला काय, तिच्या बापालाही ओळखता येणार नाही. तीन दिवस पुरेत.

पण २००९ साली त्या संग्रहालयवाल्यांनी हेच म्हटलं होतं — गावाला उत्तम नक्कल देतो, अस्सल आमच्याकडे सुरक्षित राहू द्या. तेव्हा भर सभेत ताई उठली होती. "तो त्यांचा आहे. ते त्याला पुजतील नाहीतर जाळतील. तुम्ही कोण ठरवणार?" मी मागच्या रांगेत होतो. टाळी पहिली माझी.

ती ताई आज माझ्या दाराला कडी घालून कुजबुजत होती. माणूस थकतं.

१२ नोव्हेंबर

ओंडका बाहेर काढला. पटाश्यांना धार लावली. हात अजून स्थिर आहे, पहिल्यापेक्षाही.

१३ नोव्हेंबर

ताईला सांगितलं, मला नाही जमणार. हात राहिला नाही पूर्वीसारखा.

बराच वेळ माझ्या हातांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "वय झालं रे तुझं, नरू."

हो म्हटलं.