ओन्ली पेपर, मॅडम

बाबा, रीडिंग गावाबाहेरच्या त्या रानात परवा पुन्हा गेले होते. तुम्ही गेल्यानंतर तिकडे फिरकलेच नव्हते. गाडी लावली, बाहेर पडले आणि सवयीने आधी आजूबाजूला कोण आहे ते बघितलं. तुम्ही मला नेहमी म्हणायचात, ‘तू भाजीवालीकडून कोथिंबीर घेतानासुद्धा चौकशी लावल्यासारखी बघतेस.’ ते अजून तसंच आहे.

आई गेल्यावर तुम्ही माझ्याकडे आलात. नागपूरच्या कॉलेजात एनसीसीच्या मुलांना आयुष्यभर रायफल शिकवलेला माणूस, आणि माझ्या घरात रेडिएटरवर मोजे वाळत घालण्यापलीकडे तुम्हाला काम नव्हतं. मग ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने तुम्हाला त्याच्या एअर रायफल क्लबात पाहुणा म्हणून नेलं. कौन्सिलच्या जंगलाचा एक कोपरा त्यांना रविवारी सकाळी वापरायची परवानगी होती आणि बाजूनेच लोकांची फिरायची पायवाट होती. त्या पायवाटेनेच माझी झोप उडवली. आदल्याच वर्षी लंडनमध्ये बॉम्बस्फोट झाले होते, सावळ्या माणसाच्या पाठीवर साधी सॅक दिसली तरी लोक ट्रेनमध्ये जागा बदलत होते, आणि माझा इथे कायम राहायचा अर्ज सरकारदरबारी पडून होता. एकदा का पोलिसात नाव गेलं की गाशा गुंडाळून परत, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. म्हणून मी दर रविवारी तुमच्यासोबत यायचे. तुम्हाला वाटायचं, लेकीला नेमबाजीची गोडी लागली.

तुमची तऱ्हा वेगळीच. क्लबातली सगळी मंडळी पानापानांच्या छापाचे कपडे घालून यायची आणि सशाच्या, कावळ्याच्या आकाराच्या पत्र्यांवर छर्रे मारायची. तुम्ही रस्ता दुरुस्त करणाऱ्यांसारखं भगभगीत नारिंगी जॅकेट घालून उभे. ‘लपायचं कुणापासून? कागदाला डोळे असतात का?’ पत्र्याच्या सशावरही तुम्ही कधी नेम धरला नाहीत. आईला चाललं नसतं म्हणालात. आणि पायवाटेवरून जो जाईल त्याला हात वर करून सांगायचात, ‘ओन्ली पेपर, मॅडम! ओन्ली पेपर, सर!’ मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आणि ती बाई. करड्या केसांची, हिरव्या गमबुटांतली, सोबत म्हातारा तपकिरी कुत्रा. पायवाटेच्या वळणावर दर रविवारी ती येऊन उभी राहते. पुढे जात नाही, मागे जात नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवते, आमच्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगते, आणि ती माणसं एकदा वळून आमच्याकडे बघतात आणि निघून जातात. ‘बाबा, प्लीज, ती बाई आपल्याला वॉच करतेय. कंप्लेंट करणार बघा ही.’ तुम्ही डोळा रायफलवरून न काढता म्हणालात, ‘बघू दे ना. बघण्यासारखंच आहे.’

त्या वर्षी खंडेनवमी रविवारी आली. सकाळी देवापुढे तुम्ही स्वतःची रायफल असावी तशी त्या सहकाऱ्याची मागून आणलेली रायफल मांडली, दस्त्याला हळदकुंकू वाहिलं, टेस्कोतून आणलेलं एक केशरी फूल ठेवलं. पुसून घ्या म्हटलं तर ‘पूजेचं कुणी पुसतं का?’ म्हणालात. रानात पोचलो आणि भुरभुर सुरू झाली. कुंकू ओघळलं. तुमचे तळवे लाल, बाही लाल, घाम पुसलात तर कपाळही लाल. एक धावणारा तरुण पायवाटेवर थबकला, तुमच्या हातांकडे पाहिलं आणि फोन कानाला लावत पळाला. थोड्या वेळाने दोन पोलीस आले. त्यांतला एक सरळ त्या बाईकडे गेला. ती भराभरा बोलत होती आणि बोट आमच्याकडे. संपलं, मी म्हटलं, आता घर, नोकरी, सगळं संपलं.

दुसऱ्याने तुम्हाला विचारलं, ‘व्हॉट हॅव यू शॉट, सर?’ तुम्ही भोकं पडलेला कागद पुढे केलात. ‘पेपर.’ मग लाल बोट त्याच्या नाकापाशी नेऊन म्हणालात, ‘पावडर. फॉर गॉड. टुडे इज गन्स बर्थडे.’ तो पोलीस हसला, बाबा. क्लबाचं परवानगीपत्र बघून दोघे निघून गेले. पण मी तुम्हाला पुन्हा तिथे जाऊ दिलं नाही. ‘माझा अर्ज होऊ दे, मग बघू,’ म्हटलं. तुम्ही जॅकेट घडी करून ठेवलंत आणि पुन्हा रेडिएटरपाशी बसलात. अर्ज मंजूर झाला तेव्हा तुम्ही नागपूरला परतला होतात, आणि पुढच्या उन्हाळ्यात तर गेलातच.

परवा ती बाई वळणावर होती. कुत्रा नव्हता, हातात काठी होती. तिने मला ओळखलं, आणि मी लगेच सावध झाले, हिला आता काय हवंय? तिनेच विचारलं, ‘युअर फादर, द पेपर मॅन?’ तुम्ही आता या जगात नाही, असं मी म्हटलं. मग तिने सांगितलं ते असं. पहिल्याच रविवारी, मी गाडीतून डबा आणायला गेले असताना, तुम्ही तिच्याकडे गेला होतात. माझी मुलगी फार घाबरते म्हणालात. वाटेवर कुणी आलं की तिचा चेहरा उतरतो. ‘तुम्ही इथे रोज येताच, तर लोकांना जरा सांगाल का, की हा म्हातारा शिकारी नाही, नुसता कागदावर नेम धरतो?’ म्हणून ती उभी राहायची. थंडीत, चिखलात, माझ्यासाठी. त्या दिवशी पोलिसांनाही ती हेच सांगत होती. तुम्ही यायचं थांबलात तरी ती बरेच रविवार येऊन उभी राहिली म्हणे.

मला का नाही सांगितलंत, बाबा? सांगितलं असतंत तरी मी विश्वास ठेवला नसता, हे तुम्हाला ठाऊक होतं बहुतेक. मला तुमचा राग आला आणि तिथेच रडूही आलं. तिचे आभार नीट मानताही आले नाहीत. हे कुठल्या पत्त्यावर पाठवणार, म्हणून इथेच ठेवते. एक मात्र कबूल करते. गाडीकडे येताना सवयीप्रमाणे मी मागे वळून पाहिलं, ती बाई अजून आपल्याकडे बघतेय का म्हणून. ती तिच्या वाटेने निघून गेली होती. तिने बघत राहायला हवं होतं, असं मला पहिल्यांदाच वाटलं.