फोटोचा सत्कार

चौसाळा, ४ ऑगस्ट २०२५

चि. संस्कृतीस,
गहिनीनाथकाकाचे अनेक आशीर्वाद. वि. वि. नागपूरच्या औषधनिर्माता परिषदेत निबंध वाचायला आदिवासी विद्यार्थ्यांचं प्रवास-अनुदान तुला मिळालं. आपल्या भिल्लवस्तीत हे पहिलंच, म्हणून रविवारी सत्कार ठेवला. ऐनवेळी तुझी परीक्षा निघाली, पण मांडव पडलेला, पाहुणे आलेले. रिकाम्या खुर्चीला शाल घालता येत नाही, सबब तुझा फोटो ठेवला. चौकट बारा बाय पंधरा इंच. झेंडूचा हार मी स्वतः मोजून साडेतीन फूट. समोर समई, उदबत्त्या पाच. तुझी छबूकाकू म्हणाली, जित्या पोरीच्या फोटोला हार घालत न्हाईत. मी म्हणालो, कार्यक्रमाला शिस्त लागते. कॉलेज न बघता मेडिकलच्या काउंटरवर बावीस वर्षं काढली, ती शिस्तीवरच.

परिषदेला आभारपत्र आणि सोहळ्याचा फोटो स्पीड पोस्टानं धाडलाय.

माया आहेच, अभ्यास वाढव.
तुझा काका

अंबाजोगाई, १३ ऑगस्ट

ती. काकांस,
शि. सा. नमस्कार. परिषदेचं पत्र आलं, पण 'बर्डे कुटुंबीयांस' म्हणून. माझ्या जाण्याचं त्यांना फार दुःख झालंय. माझ्या नावानं स्मृती-अनुदान सुरू करून ते दुसऱ्या विद्यार्थ्याला देणार आहेत. मी फोन केला, तर तिथल्या बाईंनी हळू आवाजात विचारलं, मयताच्या तुम्ही कोण? मीच ती, म्हटल्यावर त्या म्हणाल्या, धक्क्यात असं होतं.

चुलीजवळच्या डब्यात ठेवलेल्या गोळ्या कशा बाद होतात, ते वस्तीतली वीस घरं फिरून लिहिलंय. ते आता कोण वाचणार? काका, काहीतरी करा. फक्त कार्यक्रम करू नका.

तुमच्या मायेतली,
संस्कृती

चौसाळा, १७ ऑगस्ट

चि. संस्कृतीस,
अनेक आशीर्वाद. हार चुकला, मान्य. लांबी बरोबर होती. हयातीचा दाखला मागायला ग्रामसेवक राधाकिशनकडे गेलतो. तो म्हणाला, पेन्शन न्हाई, तर एकवीस वर्षांच्या पोरीला जित्याचा दाखला कावून लागतो बे? मग सत्काराला हजर एकेचाळीस जणांच्या सह्या घेतल्या. मजकूर माझा: 'आम्ही जिच्या फोटोला हार घातला, ती हयात आहे.' काकू माझ्याशी बोलत नाही, पण पहिली सही तिचीच.

धीर सोडू नको, राग मात्र सोड.
काका

नागपूर, ७ सप्टेंबर

ती. काकांस,
शि. सा. नमस्कार. सह्या पोचल्या. मी जिवंत असल्याचं परिषदेनं मान्य केलं. पण स्मृती-अनुदानाचा ठराव झालाय, तो पुढच्या वार्षिक सभेपर्यंत बदलता येत नाही म्हणे. त्यांनीच सुचवलं, पुन्हा अर्ज करा. केला. कै. संस्कृती बर्डे स्मृती-अनुदान कु. संस्कृती बर्डे हिला मिळालं. नाव एकच कसं, कुणी विचारलं नाही.

परिषदेच्या सुरुवातीला मला श्रद्धांजली म्हणून दोन मिनिटं सगळे उभे राहिले. मीही राहिले. मग निबंध वाचला. पंधरा मिनिटं दिली होती, प्रश्नच अर्धा तास चालले. गोंदियाचे एक म्हातारे गोंड औषधनिर्माते तर वस्तीतले डबे बघायला चौसाळ्याला येतो म्हणाले. जाताना डोक्यावर हात ठेवून म्हणाले, ज्यांच्या नावानं तू आलीस, त्या ताई आज असत्या तर त्यांना केवढा अभिमान वाटला असता.

मी म्हटलं, वाटतोय त्यांना.

काकूला नमस्कार. तुमचा लोभ आहेच, तो कमी होऊ देऊ नका.
तुमची,
संस्कृती