खिडकीच्या खाचेतला दसरा

बाबा,

आईच्या बाजूची काच परवाच्या रविवारी खाली आली. नुसती आली नाही, रामशब्दाची द्वितीया संपायच्या आत आली. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, तरी ही बातमी आधी तुम्हालाच सांगावीशी वाटली, कारण काचेचा वेग विभक्त्यांत मोजायची सवय आम्हाला तुम्हीच लावलीत. गाडी घेतलीत तेव्हाच ती दोन मालकांच्या हाताखालून आलेली होती. निवृत्त संस्कृत शिक्षकाला तिचं कौतुक कशाचं, तर इंजिनाचं नव्हे, बटन दाबलं की उतरणाऱ्या काचेचं. वाटेत जुना विद्यार्थी दिसला की तुम्ही बटन दाबायचात, ओठांतल्या ओठांत 'रामः रामौ रामाः' सुरू करायचात, आणि पंचमीला काच उतरेपर्यंत विद्यार्थी नमस्कार करून, उत्तर न मिळाल्याने जरा खट्टू होऊन पुढे गेलेला असायचा. "उमेळे गावात माझी गर्विष्ठ म्हणून ख्याती होणार," तुम्ही म्हणायचात. आई शेजारून म्हणायची, "आधी काय, विनम्र म्हणून होती?"

संस्कृतही तुम्हीच शिकवलंत आणि गाडीही. दोन्हीकडे ओरडा सारखाच बसला. एकदा मी काच पुरती वर गेल्यावरही बटन धरून ठेवलं होतं. तुम्ही माझ्या बोटावर टिचकी मारलीत आणि म्हणालात, "पोचली ती. पोचलेल्याला ढकलायचं नसतं." वाड्यांतून नारळ-केळी विरळ होत चाललेल्या त्या रस्त्यावर मी चाळिशीला टेकलेली बाई, आणि माझे कान शाळेतल्यासारखे लाल.

आणि दसरा. घरातल्या हत्यारांची पूजा तुम्ही ज्या गांभीर्याने करायचात, ते अजून डोळ्यांसमोर आहे: विळी, आईचं शिलाई मशीन, तुमचा पाठीला डिंक लावलेला शब्दकोश, आणि शेवटी खाली उतरून गाडी. बॉनेटवर झेंडूची माळ, स्टिअरिंगला गंध, चारी काचांवर हळदकुंकवाची बोटं, वर अक्षता. मग मशीनच्या तेलाची कुपी घेऊन प्रत्येक काचेच्या रबरी खाचेत दोन-दोन थेंब. तेल घातलं की मशीन चालतं, मग काच का चालणार नाही, हा तुमचा युक्तिवाद. त्यावर आक्षेप घ्यायची आमची प्राज्ञा नव्हती; घेतलाच तर 'चालत आलेलं मोडायचं नसतं' हे तुमचं ठरलेलं उत्तर.

आता आईचे गुडघे वाळूत चालू देत नाहीत. म्हणून दर रविवारी सकाळी मी तिला समुद्रापर्यंत नेते. ती गाडीतच बसते, काच खाली करते, खिडकीवर कोपर टेकवते आणि तासभर येणाऱ्याजाणाऱ्यांवर टिप्पणी करते. आठवड्यात ती घराबाहेर पडते ती एवढीच. या दसऱ्यानंतर तिची काच हलेना. बटन दाबलं की दारात कण्हल्यासारखा आवाज यायचा आणि काच दोन बोटं उतरून थांबायची. एसीत तिला मळमळतं. मी म्हटलं, दार उघडून बस. "दार उघडून बसायला मी काय भाजीचा टेम्पो आहे?" दुसऱ्या रविवारी ती आलीच नाही. "काचेतूनच समुद्र बघायचा तर टीव्ही घरात आहे." तिसऱ्या रविवारी तिने साडीसुद्धा बदलली नाही, गाऊनवरच पेपर वाचत बसली. तेव्हा मात्र मला भीती वाटली. बाहेर जाणं एकदा सुटलं की या वयात ते परत धरता येत नाही, हे मी शेजारपाजारी पाहिलं आहे.

मग नायगावला खाडीकडच्या एका मेकॅनिककडे गेले. मिठागरवाल्यांच्या घरातला, साठीचा माणूस. मोटर गेली असणार, असं मी आधीच जाहीर केलं. त्याने गाडी चालू ठेवून बटन दाबलं, कान दाराला लावला. "मोटर नाय गेली, ताई. ती बिचारी वडून वडून दमली." दाराचं आतलं अस्तर काढलं, बोटाने रबराची खाच खरवडली. काळपट लाल लगदा निघाला. त्यात तांदळाचे दाणे होते, झेंडूची पाकळी होती. त्याने बोट माझ्यासमोर धरलं. "ताई, हितं सत्यनारायन घातलेला काय?" मग बोट हुंगून म्हणाला, "ह्या काचेला तेल कोन पाजत होता? तेलाने रबर फुगतो, वर धूळ बसते. काच जानार कुटनं?"

"वडील," मी म्हणाले.

"मग मोट्या मानसाला काय बोलायचा," असं म्हणून त्याने कपाळाला हात लावला. साबणाच्या पाण्यात फडकं बुडवून त्याने खाचा पुसल्या, कोरड्या केल्या आणि रबराला चालतो तो सिलिकॉनचा फवारा मारला. आतल्या पट्टीवरचं दगड झालेलं ग्रीस खरवडून नवं लावलं. खारट हवेने आतून हिरवं पडलेलं बटन उघडून साफ केलं. मोटर तीच आहे, तुमच्या वेळची.

परवा आई हिरव्या काठाची साडी नेसून खाली आली, बटन दाबलं आणि सवयीने पुटपुटायला लागली. 'रामम्'पाशी काच तळाला. ती इतकी दचकली की पुन्हा वर केली, पुन्हा खाली. चौथ्यांदा मी म्हटलं, "पोचली ती." समुद्रावर तिने विचारलं, झालं काय होतं? मी म्हटलं, बाबांचं तेल. ती डोळ्यांत पाणी येईतो हसली. "मला वाटलंच! माझ्या मशीनचं सगळं तेल त्या काचांनाच पाजायचे. कोणाचं ऐकायचे का कधी?" मग तासभर तुमची उणीदुणी. एका जोडप्याच्या कुत्र्यालासुद्धा तिने काही म्हटलं नाही, इतकी ती तुमच्यात गुंतली होती.

हे पत्र मी कुठे पाठवणार? गाडीच्या कागदांत राहील. पण एक लिहून ठेवते. तुमच्या शेवटच्या दसऱ्याला तुम्ही पुढच्या सीटवर शाल घेऊन बसला होतात आणि कुपी माझ्या हातात होती. तुम्ही म्हणालात, "यंदा राहू दे गं. मला वाटतं, तेलानेच जड होते ती." आणि मी तुमचंच वाक्य तुमच्यावर उलटवलं: चालत आलेलं मोडायचं नसतं. तुम्ही हसलात, म्हणालात, "घाल मग." तेव्हापासून प्रत्येक दसऱ्याला घालते आहे, दोनाचे चार थेंब करून.

आईला सांगायला हवं. पण इतक्या वर्षांनी ती तुमच्याशी मनसोक्त भांडते आहे, त्यात मध्ये पडवत नाही. तेल माझं होतं, बाबा. आळ अजून काही रविवार तुम्हीच सोसा.