दीड तासाचं माहेर

प्रिय बिभू,

फोनवर बोलायला घेतलं की तुझी मीटिंग तरी येते, नाहीतर माझं दूध तरी उतू जातं, म्हणून कागदावर लिहितेय. अक्षराला हसू नकोस. पंचमीसाठी तू धाडलेलं विमानाचं तिकीट मिळालं. आकाशनं मोबाईलवर दाखवलं आणि म्हणाला, आई, मामाचं बंगलोर हजार किलोमीटर असलं तरी विमानानं दीड तासावर आहे. कंपन्या सुटायच्या वेळी आपल्या वाळूजहून छावणीला जायलाही जवळजवळ तेवढाच वेळ जातो. पोरगं खरंच बोलतंय. तरी मी तुला नाय म्हणाले. मागच्या वर्षी गुडघे दुखतात म्हणाले होते, औंदा सासूबाईंचं दुखणं पुढं केलं. सोनियाला वाटत असेल, नणंदबाई लई भाव खातात.

विमानाला मी भीत नाय रे. पण तुला आठवतं का, माझं नवं लग्न झालं होतं, दादा मेंढरं घेऊन कुठं लांब गेलेले असायचे, म्हणून पंचमीला मला न्यायला मुराळी व्हायचास तू. दौलताबादहून सायकल हाणत यायचास. घामाघूम, पण शर्टाचं बटण गळ्यापर्यंत लावून सासूबाईंसमोर बसायचास. एकदा घाबरून अक्काला सोडायला आलो म्हणालास, तर सगळं घर हसून लोळलं! मी आत चुलीपाशी. पिशवी सकाळीच भरलेली, वरून कामात असल्याचं सोंग. गल्लीतल्या बाया दारात येऊन बघायच्या, रत्नाचा भाऊ आलाय म्हणायच्या. वाटेत तुझी चेन पडायची, तू चिडायचास, आणि मी कडेला बसून गाणी म्हणायचे. मला कसलीच घाई नसायची.

तू बंगलोरला गेलास तरी आई थांबली नाही. चुलत्याच्या कडुबाला मोटारसायकल देऊन मला न्यायला धाडायची. मग दादांच्या मागं आईही गेली, दौलताबादच्या घराला कुलूप लागलं. आता माझं माहेर म्हणजे तुझा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, हे मलाही कळतं. यायचं तर लई मनात आहे.

परवा सासूबाईंनीच विचारलं, तुझा भाऊ कधी यायचाय गं? मी म्हणाले, त्यानं तिकीट धाडलंय. तर म्हातारी फणकाऱ्यानं म्हणाली, तिकिटाला मी काय जेवू घालू? मी हसले, आणि मग मोरीत जाऊन रडले.

म्हणून हे लिहितेय, बिभू. धाडलेलं तिकीट रद्द कर. तू स्वतः ये, एक रात्र राहा, सासूबाईंच्या हातची पुरणपोळी खा, त्यांना रीतसर विचार, आणि मग मला तुझ्याबरोबर विमानात बसव. शेजारच्या बायांना दिसू दे. आई गेल्यापासून मला न्यायला कुणी आलंच नाय रे.

तुझीच,
रत्नाक्का