भिंतीकडची खुर्ची

प्रिय बाळ्या,

तू फोनवर दोनदा विचारलंस, आई, त्या दिवशी तुला सगळ्यात जास्त काय आवडलं? दोन्ही वेळा मी "सगळंच छान होतं" म्हणून सूनबाईला फोन द्यायला सांगितला. तुला सविस्तर ऐकायचं होतं. फोनवर तू मध्ये मध्ये बोलतोस, म्हणून लिहिते आहे. बसून वाच.

सकाळी तू मला बोटीच्या धक्क्यावर सोडलंस. सुट्टीचा दिवस असून दाढी केली होतीस. स्वारी आज अगदी चकाचक, असं मी म्हटलंसुद्धा, पण तू हसला नाहीस. माझ्या हातात पाकीट ठेवलंस. बोटीचं, संग्रहालयाचं, गरम पाण्याच्या हमामाचं, सगळी तिकिटं त्यात. शिवाय जेवणाचं टेबल राखून ठेवल्याची चिठ्ठी. म्हणालास, "जन्मभर दुसऱ्यांचे ताप बघितलेस, आता निवृत्त झालीस, एक दिवस स्वतःसाठी घालव. घाई करू नकोस. सातला इथेच घ्यायला येतो." माझे डोळे भरून आले, त्याचा दोष मी नदीवरच्या वाऱ्याला दिला. परक्या देशात येऊन दोन महिने तुझ्याकडे राहिले होते, नातीची, आपल्या ठमीची, लंगोटी-दुपटी केली होती. वाटलं, पोराला जाण आहे.

बोटीत माझ्या शेजारी माझ्याच वयाचं एक जोडपं होतं. त्याच्या चष्म्यावर पाणी उडालं की ती आपल्या रुमालानं पुसून परत त्याच्या नाकावर चढवायची. मी उठून पलीकडच्या बाकावर बसले. तिथून किनारा चांगला दिसत होता.

संग्रहालय मी वॉर्डची फेरी घ्यावी तसं पाहिलं. राजे, राण्या, टांगलेली मेलेली बदकं. एका चित्रात वैद्य आजारी मुलीची नाडी बघतो आहे, पण बोटं भलतीकडेच. माझ्या हाताखालच्या नर्सनं असं केलं असतं तर तिची धडगत नव्हती. मी मोठ्यानं "चूक" म्हटलं, तर तिथला पहारेकरी दचकला. ठमी मोठी झाली की तिला हे चित्र दाखवायचं, असं मी ठरवलं होतं.

हमामात अंग रगडणारी मुलगी चांगली दांडगी होती. तिनं माझ्या खांद्यावर थाप मारून खुणेनं सांगितलं, सैल सोड. मी तयार होते, खांदा तयार नव्हता. खाटेवरची माणसं उचलून उचलून त्याचं लाकूड झालं आहे, आणि त्याला मायेनं हात लावायला घरात कुणी नव्हतं. ती रगडत राहिली आणि मला एकदम हुंदका आला. तिला वाटलं दुखलं. मीही मान हलवली. कुठे समजावत बसा.

जेवायला खिडकीजवळचं टेबल मिळालं. वाढप्यानं समोरची दुसरी ताटली आवाज न करता उचलून नेली, जणू कुणी नुकतंच गेलं होतं. सूप, मासा, लोणी लावलेला पाव, वर साय घातलेला केक. एक कण टाकला नाही. हॉस्पिटलात मला मागून तोफ म्हणायचे, ते तुला ठाऊक आहे. तोफेला एकटं जेवायची सवय असते.

आणि हे सगळं उरकलं तेव्हा ऊन डोक्यावरून जेमतेम कललं होतं. इथे तुझं चुकलं, बाळ्या. तू माझा दिवस दुसऱ्या कुणाच्या तरी आईच्या चालीनं आखलास. शाळेत असताना मित्रांना सांगायचास, आमची आई जेवायला बसते न बसते तोच हात धुते. ते कसं विसरलास? म्हटलं, लेकाला कशाला हेलपाटा, बस पकडून घरी जावं. ठमी झोपून उठली असेल.

मी कपडे धुण्याच्या दुकानावरून, मागच्या गल्लीनं आले. तुमच्या खिडकीचा पडदा बाजूला सरकवलेला होता. सकाळी तू मोठी खुर्ची खिडकीपासून ओढत भिंतीशी नेली होतीस. मी विचारलं तर म्हणालास, ऊन येतं. त्या वेळी आभाळ भरलेलं होतं. आता त्या खुर्चीत एक गृहस्थ बसले होते. उजवी बाजू भिंतीला, डावा कान खोलीकडे. चेहरा दिसण्याआधीच मी ओळखलं. त्यांना उजव्या कानानं ऐकू येत नाही. आपल्या घरातही त्यांची खुर्ची मी अशीच ठेवायची, तू तिसरीत असताना ते दुसरा संसार थाटायला निघून गेले तोवर. तुझ्या ते लक्षात राहिलं. त्यांच्या मांडीवर ठमी होती, मी विणलेल्या पिवळ्या स्वेटरमध्ये. सूनबाई हसत काहीतरी पुढे करत होती. तू वाकून त्यांच्या डाव्या कानात काही सांगितलंस, आणि ते तुझ्या पाठीवर हात ठेवून हसले.

मी घंटा वाजवली नाही. दुकानासमोरच्या बाकावर बसले. मग उठून परत बोटीच्या धक्क्यावर गेले, कारण तू मला तिथे घ्यायला येणार होतास. आलास, पिशवी घेतलीस, "दमलीस का गं?" विचारलंस. मी म्हटलं, छे, चांगला आराम झाला. घरी आलो तेव्हा खुर्ची पुन्हा खिडकीपाशी होती.

ते तुझे वडील आहेत. त्यांना भेटू नकोस, असं मी तुला कधी म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. "आई, ते येताहेत, तू जरा बाहेर जा" एवढं सांगितलं असतंस तर मी उभ्या उभ्या चपला घातल्या असत्या. पण तू ते माझं कौतुक म्हणून दिलंस. माणसाला घालवायचं तर दार दाखवावं, बोटीचं तिकीट दाखवू नये.

काल तुझा निरोप मिळाला. हिवाळ्यात ये, विमानाचं मी बघतो, या खेपेला तुझ्यासाठी डोंगरातली दोन दिवसांची सहल ठरवली आहे, राहण्याजेवणासकट. म्हणजे या खेपेला ते मुक्कामाला येणार. मी येत नाही. म्हणूनच हे पत्र. खुर्ची आता भिंतीशीच राहू दे, सारखी ओढून जमिनीवर चरे पडतात. ठमीचा स्वेटर आखूड झाला असेल. बाहीचं माप कळव.

तुझीच,
आई